शिबंदीचे गणित : 'जॅग्ड अलायन्स २' मध्ये गाव जिंकल्यानंतर सुरू होणारा खेळ

घरातला भाचा किंवा धाकटा भाऊ 'बंदुकांचा खेळ' खेळतो आहे असे समजून आपण त्याच्या पडद्याकडे पाहावे, तर तिथे गोळीबाराचा मागमूस नसावा. चौकोनांनी भरलेला एक नकाशा असावा, त्यातल्या काही चौकोनांत हिरवे-निळे ठिपके असावेत, आणि खेळणारा एका चौकोनातला ठिपका उचलून शेजारच्या चौकोनात ठेवण्यात अर्धा तास गढून गेलेला असावा, हे दृश्य अनेकांना बुचकळ्यात टाकते. 'जॅग्ड अलायन्स २' या खेळाच्या आणि विशेषतः '१.१३' या त्याच्या सुधारित रूपाच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. २०२३ मध्ये हेमिमॉन्ट गेम्स या बल्गेरियन कंपनीने या मालिकेचा तिसरा भाग आणल्यानंतर अनेक नवे खेळाडू कुतूहलाने जुन्या दुसऱ्या भागाकडे वळले आणि तिथल्या नकाशापाशी अडखळले. गोळ्या कशा झाडायच्या हे त्यांना तासाभरात समजते. जिंकलेले गाव आठवड्याभरात हातातून का निसटले, हे मात्र समजत नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

खेळ कोणता आणि मॉड म्हणजे काय

'जॅग्ड अलायन्स २' हा खेळ सर-टेक कॅनडा या कंपनीने बनवला आणि तो १९९९ मध्ये बाजारात आला. अरुल्को हा त्यातला काल्पनिक देश. तिथे दैद्राना नावाची राणी जुलमी सत्ता चालवते, आणि पदच्युत झालेला तिचा नवरा एन्रिको चिवल्दोरी तुम्हाला पैसे देऊन तिची सत्ता उलथवण्याचे काम सोपवतो. तुम्ही इंटरनेटवरच्या एका काल्पनिक संस्थेकडून भाडोत्री सैनिक एक दिवस, एक आठवडा किंवा दोन आठवड्यांच्या करारावर घेता आणि त्यांना घेऊन अरुल्कोच्या उत्तरेला ओमेर्ता गावात उतरता. लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चालते; प्रत्येक सैनिकाला एका पाळीत चालणे, वाकणे, नेम धरणे आणि गोळी झाडणे यांसाठी ठरावीक गुण मिळतात आणि ते जपून वापरावे लागतात.

मॉड म्हणजे मूळ खेळात चाहत्यांनी केलेला बदल. या खेळाचा सोर्स कोड, म्हणजे खेळ ज्या संगणकीय मजकुरावर चालतो तो मजकूर, पुढे खुला झाला आणि जगभरातल्या हौशी प्रोग्रामरांनी त्यावर काम सुरू केले. अधिकृत आवृत्ती १.१२ ला थांबली होती, म्हणून चाहत्यांनी आपल्या आवृत्तीला पुढचा आकडा दिला, १.१३. ही मॉड फुकट मिळते, पण तिच्यासाठी मूळ खेळाच्या फाईल लागतात, त्यामुळे मूळ खेळ विकत घ्यावाच लागतो. तो आजही ऑनलाईन दुकानांत मिळतो.

सेक्टर, निष्ठा आणि शिबंदी

अरुल्कोचा नकाशा उभ्या-आडव्या १६ रांगांचा, म्हणजे एकूण २५६ चौकोनांचा आहे. अशा एका चौकोनाला सेक्टर म्हणतात. वरून खाली 'ए' ते 'पी' ही अक्षरे आणि डावीकडून उजवीकडे १ ते १६ हे आकडे असल्यामुळे 'डी-१३' म्हटले की नेमकी जागा कळते. लहान गाव दोन सेक्टरांत मावते आणि कँब्रियासारखे मोठे गाव पाच सेक्टरांवर पसरते.

प्रत्येक गावाची तुमच्यावर किती निष्ठा आहे हे खेळ टक्क्यांत मोजतो. लढाई जिंकली की निष्ठा वाढते. तुमच्या गोळीने गावकरी मेला किंवा गावाचा भाग शत्रूने परत घेतला की ती घटते. देशात पाच चालू खाणी आहेत आणि तुमच्या मोहिमेचा खर्च मुख्यतः त्यांच्यावरच भागतो. खाणीच्या मुकादमाशी बोलून त्याला आपल्या बाजूला वळवल्यावर रोजचे उत्पन्न सुरू होते, पण ते किती मिळेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: गावाची निष्ठा किती आहे, आणि त्या गावाचे किती सेक्टर तुमच्या ताब्यात आहेत. ही दुसरी अट नवख्याच्या सहसा लक्षात येत नाही. खाण तुमच्या हातात असली तरी तीन सेक्टरांच्या गावाचा एक सेक्टर गमावला तर उत्पन्नाचा तिसरा हिस्सा जातो. शेताच्या मधोमध विहीर आपली असून भागत नाही, बांधही आपला असावा लागतो, तशातली ही गोष्ट आहे.

तिसरा शब्द मिलिशियाचा. गावातल्याच सामान्य माणसांना शस्त्र देऊन, कवायत शिकवून गावाच्या रक्षणासाठी उभे केलेले दल म्हणजे मिलिशिया. मराठीत या अर्थाच्या अगदी जवळचा जुना शब्द आहे, शिबंदी. किल्ल्यांचा बंदोबस्त, महसुलाची वसुली आणि मुलकी पहारा यांसाठी ठेवलेल्या, मुख्य फौजेपासून वेगळ्या असलेल्या शिपायांना मराठी दफ्तरांत शिबंदी म्हणत. मोहिमेवर जाणारे सैन्य वेगळे आणि ठाण्यावर बसणारी शिबंदी वेगळी, हा फरक जुन्या मराठी कारभाराला पक्का ठाऊक होता, आणि या खेळातले सगळे गणित त्याच फरकावर उभे आहे. म्हणून पुढे मी शिबंदी हाच शब्द वापरतो.

शिबंदी उभी कशी राहते

मूळ खेळातला नियम असा आहे. गावाची निष्ठा किमान २० टक्के असली पाहिजे. सेक्टरमध्ये शत्रू शिल्लक नसावा. मग तुमच्या एखाद्या सैनिकाला 'शिबंदी तयार कर' हे काम द्यायचे आणि त्या वर्गाचे ७५० डॉलर मोजायचे. एका सेक्टरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त दोघेच शिकवू शकतात. शिकवण्याचा वेग प्रामुख्याने त्या सैनिकाच्या नेतृत्वगुणावर ठरतो, आणि ज्याच्या अंगी शिकवण्याचे खास कौशल्य असते त्याचा वर्ग लवकर पुरा होतो. ओमेर्ताच्या बंडखोरांतली आयरा याच कारणासाठी जुन्या खेळाडूंची आवडती आहे: पगार काही घेत नाही, आणि शिकवते चांगले. नेमबाजीत ती कच्ची आहे म्हणून तिला मागे ठेवणारा नवखा खेळाडू खरे तर आपला सर्वांत उपयुक्त माणूस वाया घालवत असतो.

वर्ग पुरा झाला की दहा जण तयार होतात. ते हिरव्या रंगाने दाखवले जातात, म्हणून त्यांना सगळेच 'हिरवे' म्हणतात. एका सेक्टरमध्ये मूळ खेळात वीसपेक्षा जास्त शिबंदी राहू शकत नाही. वीस भरल्यानंतर त्याच जागी पुन्हा वर्ग घेतला तर वाढीव माणसे त्याच गावातल्या तुमच्या ताब्यातील दुसऱ्या मोकळ्या सेक्टरकडे जातात, आणि सगळे गावच भरले असेल तर हिरव्यांची बढती होऊन ते फिकट निळे, म्हणजे सराईत, होतात. गडद निळे म्हणजे मुरलेले शिपाई. मूळ खेळात ते वर्गात घडत नाहीत, शत्रूला टिपून, लढाईत टिकूनच तिथवर पोहोचतात.

वीसची ही मर्यादा ध्यानात घेतली की गुणवत्तेचे महत्त्व आपोआप कळते. माणसे वाढवण्याचा मार्गच बंद असेल तर सेक्टरची ताकद वाढवण्याचा एकच मार्ग उरतो: आहेत त्या वीस जणांना अधिक चांगले करणे. राणीचे शिपाईही तीन प्रतींचे आहेत. पिवळ्या सदऱ्यातले कारकुनी शिपाई, लाल सदऱ्यातले नियमित सैनिक आणि काळसर गणवेशातले निवडक. सुरुवातीला पिवळ्यांसमोर हिरवे निभावून नेतात, पण मोहीम पुढे सरकते तसे समोरून येणारे बदलतात आणि मग वीस हिरव्यांचा पहारा हा नुसता आकडा उरतो.

विमानतळावरची माझी चूक

ड्रॅसेन हे ईशान्येचे गाव बहुतेक खेळाडू सर्वांत आधी घेतात. त्याचे तीन सेक्टर एकाखाली एक आहेत: वर बी-१३ मध्ये विमानतळ, मध्ये सी-१३ मध्ये वस्ती आणि खाली डी-१३ मध्ये खाण. ऑनलाईन मागवलेली शस्त्रे याच विमानतळावर उतरतात, त्यामुळे खेळाडूचा मुक्काम सहसा विमानतळावर पडतो. माझाही पडला. बंदुका वेगळ्या करायच्या होत्या, जखमी बरे व्हायचे होते, तेव्हा इथेच वर्ग लावू असे म्हणून मी आयराला आणि आणखी एकाला तिथेच कामाला लावले. दोन वर्ग झाले, वीस हिरवे उभे राहिले, दीड हजार डॉलर गेले, आणि ड्रॅसेन सुरक्षित झाले असे समजून मी सगळी पलटण घेऊन पश्चिमेला निघालो.

नकाशा नीट पाहिला असता तर दिसले असते की शत्रूचे मोठे ठाणे असलेले आल्मा ड्रॅसेनच्या थेट दक्षिणेला आहे, आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला पहिला लागतो तो डी-१३, म्हणजे खाण. तिथे माझा एकही माणूस नव्हता. एका गस्ती तुकडीने एकही गोळी न झाडता खाणीचा सेक्टर घेतला. उत्पन्न आटले, निष्ठा घसरली, आणि दोन सेक्टर वर माझे वीस शिपाई रिकाम्या धावपट्टीवर पहारा देत उभे होते. त्यातले दहा जण नकाशावरच उचलून खाणीत ठेवण्याची सोय खेळात पहिल्यापासून होती. गावावर क्लिक केले की त्याच्या सेक्टरांचा छोटा तक्ता उघडतो, त्यातला ठिपका माउसने उचलायचा आणि शेजारी ठेवायचा, एवढेच. लेखाच्या सुरुवातीला जो भाचा हे करताना दिसला, तो वेळ दवडत नव्हता.

पैशापेक्षा दिवस महाग

ड्रॅसेनच्या तिन्ही सेक्टरांत वीस-वीस हिरवे ठेवायचे तर साठ माणसे लागतात, म्हणजे सहा वर्ग आणि साडेचार हजार डॉलर. कँब्रियाच्या पाच सेक्टरांना शंभर माणसे लागतात. दहा वर्ग, साडेसात हजार डॉलर. नवा खेळाडू हे आकडे पाहून पैशाची चिंता करतो. पण एक खाण नीट चालू लागली की ही रक्कम फार वाटत नाही, कारण चांगल्या भाडोत्री सैनिकाचा करारही काही स्वस्त नसतो.

खरी टंचाई दिवसांची असते. वर्ग चालू असताना शिकवणारा सैनिक पुढच्या लढाईत नसतो. तो थकतो, झोपतो, उठून पुन्हा शिकवतो. सुरुवातीला तुमच्याकडे पाच-सहा माणसे असतात आणि त्यातल्या दोघांना आठवडाभर गावात बसवायचे म्हणजे मोहिमेचा तिसरा हिस्सा थांबवायचा. करार मात्र चालूच राहतो, म्हणजे बसलेल्या माणसांचाही पगार सुटत नाही. गावात एकच चांगला मास्तर असावा आणि तीन वाड्यांची पोरे त्याच्याकडेच पाठवायची असावीत, तेव्हा फीपेक्षा मास्तरांचा दिवस कोणत्या वाडीला मिळतो यावरच भांडण होते. इथे तसेच आहे.

म्हणून जाणता खेळाडू आधी किती पैसे आहेत हे मोजत नाही, किती शिकवणारे आहेत आणि त्यांना किती दिवस देता येतील हे मोजतो. त्यातून जो निर्णय निघतो तो ऐकायला विचित्र वाटतो: कोणती जागा घ्यायची हे ठरवण्याआधी कोणती जागा सध्या घ्यायची नाही हे ठरवावे लागते.

मग सगळीकडे वीस-वीस माणसे का ठेवू नयेत?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर भूगोलात आहे. राणीची राजधानी मेदुना नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे आणि तिची कुमक तिथूनच पायी निघते. त्यामुळे नकाशावरची सगळी गावे सारख्या धोक्यात नसतात. वायव्येच्या कोपऱ्यातले चित्झेना दोनच सेक्टरांचे आहे, आडबाजूला आहे, त्याची राखण स्वस्तात होते. खाण लहान असली तरी तिच्यामागे खर्चही लहान. कँब्रिया मात्र देशाच्या मध्यावर आहे. तिथे रुग्णालय आहे, खाण आहे, आणि चारी बाजूंनी वाटा आहेत. मध्यावरचे गाव हातात असले की कुठेही लवकर पोहोचता येते, हे खरे; शत्रूलाही तिथे कुठूनही लवकर पोहोचता येते, हेही तितकेच खरे. अपुऱ्या शिबंदीनिशी कँब्रिया घेणारे खेळाडू पुढचा महिनाभर तेच गाव पुन्हापुन्हा जिंकत बसतात, आणि प्रत्येक वेळी निष्ठा थोडी आणखी खाली जाते.

गावाच्या आतही सगळे सेक्टर सारखे नसतात. ज्वारी हुरड्यावर आली की राखणदाराचा माळा शेताच्या बरोबर मध्यावर घालत नाहीत, पाखरे ज्या अंगाने उतरतात त्या अंगाला घालतात. शत्रू ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या सेक्टरमध्ये सराईत ठेवावेत आणि पाठीमागच्या सेक्टरमध्ये पाच-सात हिरवे पुरतात. समान वाटप न्याय्य दिसते, पण त्याने पुढचा सेक्टर कमकुवत होतो आणि मागचे शिपाई कधी लढतच नाहीत, त्यामुळे त्यांची बढतीही होत नाही.

गावांखेरीज विमानवेधी क्षेपणास्त्रांची चार ठाणी आहेत: डी-२, डी-१५, आय-८ आणि एन-४. ती राणीच्या ताब्यात असतील तोवर त्या भागाच्या आकाशात तुमचे हेलिकॉप्टर सुरक्षित नसते. तिथेही शिबंदी ठेवता येते. आय-८ हे ठाणे कँब्रियाच्या खाणीला लागूनच दक्षिणेला आहे, तेव्हा कँब्रिया घेणाऱ्याने त्याचा विचार गावाचा सहावा सेक्टर म्हणूनच करावा, असे माझे मत आहे.

भाडोत्री सैनिकच पहाऱ्याला का बसवू नयेत?

एक भाडोत्री सैनिक पाच हिरव्यांना भारी पडतो, मग शिबंदीची भानगड हवी कशाला, असा प्रश्न अनेक जण विचारतात. त्याचे पहिले उत्तर खर्चाचे आहे. मूळ खेळात शिबंदीवर एकदाच पैसे खर्च होतात, पुढे तिचा पगार नसतो. भाडोत्री सैनिक दर दिवसाचे पैसे घेतो, मग तो लढो वा विमानतळावर बसून राहो. दुसरे उत्तर संख्येचे आहे. मूळ खेळात एका वेळी तुमच्याकडे जास्तीत जास्त अठरा माणसे असू शकतात आणि एका तुकडीत सहा. पाच गावे, चार ठाणी आणि त्यांतले वीसेक सेक्टर अठरा माणसांनी राखता येत नाहीत, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भाडोत्री सैनिक जिथे असतो तिथे तुमचे लक्ष असते. शिबंदी असते तिथे तुमचे लक्ष नसले तरी चालते. एखादा प्रदेश आपला झाला की नाही हे आपण तिथे असताना कळतच नाही. आपण निघून गेल्यावर तो उभा राहिला तरच तो आपला.

१.१३ ने काय बदलले

इथवर सांगितले ते बव्हंशी मूळ खेळाचे नियम. १.१३ ने यातल्या जवळपास प्रत्येक आकड्याला हात घालण्याची मुभा दिली आहे. सेटिंग्जची एक मोठी फाईल आणि ती बदलण्यासाठी एक छोटा संपादक मॉडबरोबरच येतो. एका सेक्टरमध्ये किती शिबंदी मावेल, वर्गाचा खर्च किती, मुरलेले शिपाई वर्गात तयार करता यावेत की नाही, हे सगळे तिथे ठरवता येते. सगळे पर्याय इथे सांगत बसत नाही. ज्यांनी खेळाचा स्वभावच बदलतो असे काही सांगतो.

पहिला, रोजचा खर्च. हा पर्याय चालू केला की प्रत्येक शिपायामागे दररोज ठरावीक रक्कम खात्यातून जाते, आणि पैसे संपले तर शिपाई पांगून घरी जातात. जुन्या भाषेत शिपायाच्या रोजच्या खर्चासाठी दिलेल्या पैशाला रोजमुरा म्हणत. रोजमुरा सुरू झाला की एकदा खर्च करून कायमची सुरक्षा, हे मूळ खेळातले सुख संपते. जास्त शिबंदी ठेवणे ही चूक ठरू शकते, हे या एका पर्यायामुळे पहिल्यांदा खरे होते. मूळ खेळात ती कधीच चूक नव्हती, फक्त वेळखाऊ होती.

दुसरा, कुमक. शेजारच्या सेक्टरमधली शिबंदी लढाई सुरू असताना मदतीला येऊ शकते. त्यामुळे एकमेकांना लागून असलेल्या सेक्टरांची किंमत वाढते आणि ड्रॅसेनसारखे सलग गाव एखाद्या साखळीसारखे वागू लागते. पण हाच नियम शत्रूलाही लागू होतो. तुम्ही एका सेक्टरवर चालून गेलात की बाजूच्या सेक्टरमधले शिपाई तुमच्या पाठीवर येऊ शकतात, आणि तेव्हा हा पर्याय चालू केल्याचा पश्चात्ताप होतो.

तिसरा, फिरती शिबंदी. मूळ खेळात शिबंदी गाव सोडत नाही. १.१३ मध्ये काही शिपाई गावाबाहेरच्या सेक्टरांत गस्त घालू शकतात, आणि नंतरच्या आवृत्त्यांत अशा तुकड्यांना नकाशावरून हुकूम देण्याची सोयही आली. हे ऐकायला फार छान वाटते. अनुभव असा, की गावात बसून जिंकली असती ती लढाई हे शिपाई उघड्या माळावर हरतात, आणि वर गावही रिकामे होते. वाटा रोखण्यासाठी गस्त उपयोगी आहे, परंतु गावाची भरती पुरी झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

चौथा, शस्त्रे. एका पर्यायानुसार शिबंदी त्या सेक्टरमध्ये पडलेल्या साठ्यातून बंदुका आणि दारूगोळा घेते. तोवर लढाईनंतर उरलेल्या साध्या बंदुका म्हणजे खेळाडूला अडगळ असते. आता तीच अडगळ पहाऱ्याची ताकद ठरते आणि ती कोणत्या गावी वाहून न्यायची याचा विचार करावा लागतो. याखेरीज स्वयंसेवकांचा साठा हाही एक पर्याय आहे, ज्यात भरतीला माणसेच मर्यादित असतात. तो चालू केला की दर लढाईत मेलेल्या हिरव्याचे दुःख खरोखर होऊ लागते.

आणि शेवटी ड्रॅसेनचा प्रतिहल्ला. मूळ खेळात ड्रॅसेन पडल्यावर राणी संतापून ते परत घेण्याचा हुकूम देते असे दृश्य दिसते, पण त्या थाटाचा हल्ला प्रत्यक्षात येत नाही. १.१३ मध्ये तो चालू करता येतो, आणि मग फौज खरोखर येते. पाच-सहा भाडोत्री आणि घाईने उभे केलेले हिरवे यांच्यानिशी ती थोपवणे हा या मॉडमधला सर्वांत अवघड प्रसंग मानला जातो. पहिल्याच खेळात तो चालू करू नये.

लढाईत शिबंदी खरेच उपयोगी पडते का?

जुने खेळाडूही या प्रश्नावर वाद घालतात. तुम्ही हजर नसताना शिबंदीवर हल्ला झाला की खेळ लढाई स्वतःच सोडवतो. दोन्हीकडची माणसे चेहऱ्यांच्या ओळींनी समोर येतात आणि एकेक करून गळत जातात. तिथे तुमची चलाखी चालत नाही, संख्या आणि दर्जा एवढेच चालते. कित्येकांना हे नशिबावर सोडल्यासारखे वाटते. मला ते योग्य वाटते, कारण जिथे आपण नाही तिथे आपली चलाखी चालू नये, आणि तिथला निकाल आपण आठवड्यापूर्वी केलेल्या तयारीवरच लागावा.

तुम्ही हजर असताना मात्र चित्र वेगळे दिसते. हिरवे शिपाई आडोसा सोडून सरळ शत्रूवर धावत जातात, तुमच्या नेमाच्या रेषेत येऊन उभे राहतात, आणि रात्रीच्या लढाईत तर कुठे कोण आहे हे कळेनासे होते. १.१३ मध्ये लढाई चालू असताना त्यांना 'थांबा', 'माझ्याकडे या', 'आडोसा घ्या', 'मागे फिरा' असे हुकूम देता येतात. त्यातला पहिला सर्वांत कामाचा. गावातल्या लढाईत शत्रू आपणहून चालत येणार असतो, तेव्हा पुढे धावण्याची गरज शिबंदीला नसते. घरांच्या कोपऱ्यांवर तिला थांबवून ठेवायचे आणि भाडोत्री सैनिक बाजूने फिरवायचे, ही रीत बहुतेक वेळा पुरते.

हे खऱ्या जगासारखे आहे का?

काही बाबतींत चकित व्हावे इतके आहे. रक्षण गावातल्या माणसांनी करायचे, त्यासाठी गावाचा विश्वास आधी मिळवायचा, आणि विश्वास कोणाची बंदूक मोठी यावर न ठरता गावकरी सुरक्षित आहेत की नाही यावर ठरायचा, हे नियम करणाऱ्यांनी विचारपूर्वक केले आहेत. निष्ठा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कितीही पैसे असले तरी शिबंदी उभी राहत नाही, हा नियम तर मला संपूर्ण खेळातला सर्वांत शहाणा नियम वाटतो.

पण एक प्रश्न खेळ विचारतच नाही. राणीचा पाडाव झाला की खेळ संपतो. त्या वेळी देशभरात तुम्हीच शस्त्रे देऊन उभे केलेले कित्येकशे शिपाई असतात, काहींनी माणसे मारलेली असतात, आणि ती शस्त्रे परत कोण घेणार याचा उल्लेखही कुठे येत नाही. खऱ्या देशांत यादवी संपल्यावर सशस्त्र दलांची शस्त्रे जमा करणे आणि त्या माणसांना पुन्हा कामधंद्याला लावणे हेच सर्वांत लांबणारे काम असते. १.१३ च्या रोजमुऱ्याच्या पर्यायात त्याची किंचित चाहूल लागते, कारण तिथे पैसे थांबले की माणसे पांगतात. मात्र ती निमूट घरी जातात, एवढीच काय ती सवलत खेळाने दिली आहे.

सुरुवात कशी करावी

नव्या खेळाडूने सेटिंग्जची मूळ फाईल जशीच्या तशी एका बाजूला जपून ठेवावी, आणि पहिला खेळ रोजमुरा, फिरती शिबंदी व ड्रॅसेनचा प्रतिहल्ला बंद ठेवून खेळावा. ओमेर्तात एन्रिकोचे पत्र फातिमा नावाच्या बाईच्या हाती द्यावे; ती बंडखोरांपर्यंत नेते आणि आयरा तिथेच भेटते. ड्रॅसेन घेतल्यावर मुकादमाशी बोलावे, पहिला वर्ग खाणीत म्हणजे डी-१३ मध्ये लावावा, आणि शस्त्रांची आवराआवर करायला विमानतळावर एकच माणूस ठेवावा. खाणीत वीस झाले की तिसऱ्या वर्गाची माणसे आपोआप गावातल्या दुसऱ्या सेक्टरमध्ये जातात, त्यामुळे शिकवणाऱ्यांना जागा बदलावी लागत नाही. पश्चिमेला निघण्यापूर्वी एकदा गावाचा तक्ता उघडून दक्षिणेचा चौकोन पाहावा, आणि त्यात नुसते हिरवेच असतील, एकही सराईत नसेल, तर आणखी दोन दिवस थांबावे.